कमान आली, कॉक फिरवा

"गाडी गोडेतेलावर चालते का हो, मिस्त्री?"

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघूनच मी उत्तर ठरवतो. नुसता हौशी असेल तर सरळ 'नाही' म्हणून मोकळा होतो. खरी गरज असलेला दिसला तर 'बसा, चहा घ्या' म्हणतो. चालते, हे खरं आहे. पण कोणती गाडी, कोणतं तेल, किती दिवस आणि कुणाच्या जिवावर, हे प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतात आणि ते ऐकायला सहसा कुणी थांबत नाही.

मी लातुरात डिझेल पंप आणि नोझलचं काम करतो. 'करत होतो' असं म्हणायला हवं, कारण दुकान आता मुलगा बघतो. मी सोमवार आणि गुरुवार सोडून दुकानाकडे फिरकत नाही, असं घरी सांगून ठेवलंय. या दोन दिवशी मात्र सकाळी आठपासून माझा जीव थाऱ्यावर नसतो. संपादकांनी लेख मागितला तेव्हा मी निवांत बसून लिहीन असं त्यांना वाटलं असणार. आज सोमवार आहे आणि एवढ्या चार ओळी लिहीपर्यंत मी तीनदा उठून रस्त्यावर डोकावून आलोय. असं का, ते सांगण्यासाठीच हा सगळा खटाटोप.

आधी धंदा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही. आत हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापते, आणि त्या तापल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडायचा. तो पेटतो आणि गाडी पळते. फवारा मारते ती नोझल आणि तिच्यामागे जोर लावतो तो पंप. पंपाच्या पोटात एका नळीत एक दांडी वरखाली होत असते. नळी आणि दांडीमधली फट इतकी कमी की दांडी नुसती मुठीत धरून गरम केली तरी ती नळीत जायला कुरकुरते. या जोडीतली दांडी त्या जोडीत चालत नाही. अशा जोड्या घासूनपुसून बसवायच्या, मग पंप तपासणीच्या टेबलावर फिरवायचा आणि समोरच्या काचेच्या नळ्यांमध्ये प्रत्येक नोझलचं तेल सारखं पडतंय का ते बघायचं. दुकानासमोर गतिरोधक होता. मालट्रक त्याच्यावरून आदळला की फरशी हादरायची, नळ्यांतलं तेल डुचमळायचं आणि मला शिव्या सुचायच्या. हा गतिरोधक काढावा असा रीतसर अर्ज मी फार पूर्वी देऊन ठेवला होता. अर्जाचं जे होतं तेच त्याचं झालं. हा अर्ज लक्षात ठेवा.

काम शिकलो नांदेडला, गफूर उस्तादांकडे. उस्ताद नोझल डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त तपासायचे. "हातानं नको, कानानं काम कर," एवढंच त्यांचं शिकवणं. गाडी दुकानापाशी येऊन थांबायच्या आत तिचं दुखणं त्यांना कळलेलं असायचं. ती सवय मला लागली आणि आता सुटत नाही. घरात मिक्सर लावला तरी मी त्याच्या बेअरिंगचा विचार करतो.

नांदेडला असतानाच गोडेतेलाची पहिली गाठ पडली. इस्लापूरचा एक जीपवाला सहस्रकुंडचा धबधबा बघायला येणाऱ्यांना ने-आण करायचा. त्याच्या भागात मोहाच्या बियांचं तेल घरोघर. त्याने ते डिझेलच्या टाकीत ओतलं आणि पावसाळाभर गाडी झकास चालवली. थंडी पडली तशी एका सकाळी गाडी उठेना. उस्तादांनी मला पाठवलं. मी जाऊन बघतो तर हा गृहस्थ टाकीखाली गोवऱ्या पेटवून वर शांतपणे विडी ओढत बसलेला.

"अहो, काय करताय?"

"तेल गोठलंय मिस्त्री. इतळून घेऊन राहिलो."

मी आधी बादलीभर माती टाकून जाळ विझवला, मग त्याच्यावर ओरडलो. टाकीत हात घातला तर आत डालडा. पण त्या दिवशी एक गोष्ट मला पक्की कळली. हे तेल गरम असेल तर इंजिनाला चालतं, गार झालं की ते पंपाचा गळा धरतं.

नंतर लातुरात स्वतःचं दुकान टाकलं. तिथे एका किराणा दुकानदाराने नव्याकोऱ्या मोटारीत सोयाबीनचं तेल ओतलं. नव्या गाड्यांमध्ये सगळा कारभार कॉम्प्युटरचा, दाब भयंकर, नोझलची भोकं सुईच्या टोकाहून बारीक. ती गाडी चौथ्या दिवशी दोरीने ओढून आणावी लागली. "लातुरात सोयाबीन चालंना म्हणजे काय मिस्त्री?" असं तो माझ्यावरच चिडला. जणू मीच गावाचं नाव घालवलं होतं. गोडेतेल पचवतात ती जुनी इंजिनं, ज्यांचे पंप जाडेभरडे आणि खाल्लेलं पचवणारे. तेही कायद्याच्या कागदावर कुठे बसत नाही. माझा लेख वाचून कुणी टाकीत तेल ओतलं तर माझ्याकडे येऊ नये.

हे सगळं माहीत असूनही मी काशिनाथअप्पांची जीप तेलावर करून दिली.

काशिनाथअप्पा देवणीचे. बसस्टँडजवळ त्यांचं भजी-आलुबोंड्याचं हॉटेल. एका सोमवारी दुपारी ते दुकानात आले, कपाळावर भस्म, खांद्यावर पंचा. "शरणार्थ मिस्त्री," म्हणाले आणि उभ्या उभ्याच सांगायला लागले. "हॉटेलात रोज काळं तेल निघून राहिलंय. एकजण येऊन घेऊन जातो. पण ही न्हाई म्हणती."

'ही' बाहेर जीपमध्ये बसली होती. तिने खिडकीतून तोंड बाहेर काढलं. महानंदाअक्का. अंगाने सुकलेल्या, पण आवाज खणखणीत. "तो माणूस ते तेल दुसऱ्या गावाला हॉटेलात इकतो, मिस्त्री. आपण टाकलेलं पुन्हा लेकराबाळांच्या पोटात जायचं. मी म्हणलं जाळून टाका. तर हे म्हणले, मग गाडीतच जाळू."

अक्कांना साखरेचा आजार होता आणि त्यात दोन्ही मूत्रपिंडं बसली होती. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, लातूरच्या दवाखान्यात चार-चार तास यंत्रावर पडून रक्त धुवून घ्यायचं. जवळ कुठे यंत्रावर पाळी लागली नव्हती, लातूरला लागली. म्हणून देवणी ते लातूर, दीड-दोन तास जायला आणि तेवढेच यायला, ही जीप.

मी साफ नाही म्हणालो. आजारी माणसाच्या गाडीवर असले प्रयोग करू नयेत, एवढं मला कळत होतं.

"डिझेलवरची गाडी बंद पडत न्हाई का?" अक्कांनी विचारलं.

"पडते की."

"मग?"

मी बाहेर जाऊन जीपचं बॉनेट उघडलं. आणि आता खरं सांगायला हरकत नाही, माझे हात शिवशिवत होते. जीप जुनी होती, इंजिन हवं तसं होतं, पंप दणकट होता. इस्लापूरपासून डोक्यात घोळत असलेली गोष्ट करून बघायची संधी समोर उभी होती. मी त्यांच्या गरजेसाठी हो म्हणालो असं लोकांना सांगत आलो. निम्मं माझ्या हौसेसाठी होतं.

दोन टाक्या केल्या. छोटी डिझेलची, मोठी तेलाची. इंजिनातलं गरम पाणी तांब्याच्या नळीने मोठ्या टाकीतून फिरवलं, म्हणजे तेल तापून पातळ राहील. मध्ये एक कॉक बसवला, एकीकडे फिरवला की डिझेल, दुसरीकडे फिरवला की तेल. गाडी डिझेलवर सुरू करायची. इंजिन तापलं की कॉक तेलावर. आणि मुक्कामाला पोचण्याआधी पाचेक मिनिटं कॉक पुन्हा डिझेलवर, म्हणजे पंपात अडकलेलं जाड तेल जळून जाईल. हे शेवटचं विसरलं तर गाडी उभी राहिल्यावर पंपात तेल गोठणार. हॉटेलातलं तेल पामतेल, ते तर थंडी पडायची वाटच बघत असतं.

तेल गाळायचं काम अक्कांनी स्वतःकडे घेतलं. भज्याच्या तेलात बेसनाचा गाळ असतो, मीठ असतं, पाणी असतं. ते तापवायचं, आठ दिवस डब्यात निवळू द्यायचं आणि वरचंवरचं इरकली लुगड्याच्या चार पदरी घडीतून गाळायचं. माझ्या दुकानातल्या फिल्टरपेक्षा ते लुगडं बरं होतं, हे मी तेव्हा मान्य केलं नाही.

"पाच मिनिटं आधी म्हणजे नेमकं कवा?" अप्पांनी विचारलं. "घड्याळ बघू का रस्ता बघू?"

प्रश्न बरोबर होता. मी म्हणालो, "माझ्या दुकानापुढं गावाची कमान दिसते ना? कमान आली की कॉक डिझेलवर. तिथून गर्दीतून दवाखाना पाच-सहा मिनिटं. परत जाताना देवणीत जनावरांचा दवाखाना लागतो, तिथं फिरवायचा."

"ते मी बघते," अक्का मागून म्हणाल्या. "ह्यांचं ध्यान हॉटेलात असतं."

आणि तसंच झालं. दर सोमवारी आणि गुरुवारी सव्वानऊच्या सुमारास दुकानासमोरून जीप जायची आणि आतून अक्कांचा आवाज यायचा, "अवो, कमान आली, कॉक फिरवा!" ऐकू नाही आला तरी मला कळायचं. तेलावर इंजिन जरा मऊ बोलतं, डिझेल आलं की तोच आवाज टणक होतो. टेबलावर पंप फिरत असला तरी माझा कान बाहेर असायचा. आवाज बदलला की मी मान हलवून कामाला लागायचो. रस्त्यावर मागे भज्याचा वास राहायचा. अक्कांना मीठ बंद, तळलेलं बंद, पाणीसुद्धा मोजून. "भजी माझ्या वाट्याला न्हाई," त्या एकदा म्हणाल्या, "पण वास मात्र साऱ्या लातूरला मी वाटून राहिले."

पहिला हिवाळा येईपर्यंत सगळं सुरळीत चाललं. एका गुरुवारी सकाळी सहाला अप्पांचा फोन आला. गाडी उठत नव्हती.

मी फोनवरूनच एकेक विचारत गेलो. सोमवारी परतताना कॉक फिरवला होता का? मग अप्पा म्हणाले, "हिला झोप लागली होती मिस्त्री. मी सरळ घरी आणली." दोन दिवस कडाक्याची थंडी आणि पंपात पामतेल. मी सांगितलं, हॉटेलातली चहाची किटली आणा, पंपावर आणि फिल्टरवर कढत पाणी सोडत राहा. त्यांनी चार किटल्या ओतल्या. इंजिनाने दोनदा आचके दिले आणि बॅटरी बसली. शेवटी दुधाच्या टेम्पोत बसून दोघं निघाले. लातूरला पोचेपर्यंत यंत्रावरची पाळी दुसऱ्याला गेली होती.

मी दवाखान्यात गेलो तेव्हा अक्का बाकड्यावर बसल्या होत्या. आडवं होता येत नव्हतं, दम लागत होता. पाय एवढे सुजलेले की चपला काढून शेजारी ठेवल्या होत्या. संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं. मला बघून त्या एकेक शब्द तोडत म्हणाल्या, "तुमची गाडी चांगली हाय मिस्त्री. चूक माझी. मला झोप लागली."

चार तास रक्त धुवून निचरून गेलेल्या बाईला झोप लागली, ही चूक? मी त्यांच्यासमोर उभा राहू शकलो नाही. आवारात येऊन फेऱ्या मारत राहिलो. आजही त्या सुजलेल्या पायांची आठवण झाली की मला बसवत नाही.

चूक झाली ती माझी. माणसाच्या आठवणीवर मी पंप सोडला होता. मग मी इरेला पेटलो. पंधरा दिवस दुसरं काम घेतलं नाही. विजेवर फिरणारा कॉक आणला, त्याला वेळ मोजणारं छोटं यंत्र जोडलं. आता अप्पांनी काही करायचं नव्हतं. मुक्कामाला पोचून चावी काढली की कॉक आपोआप डिझेलवर जायचा, इंजिन पाच मिनिटं एकटंच चालत राहायचं आणि मग स्वतः बंद व्हायचं. दवाखान्याच्या वॉचमनला पहिल्या दिवशी घाम फुटला. चावी नाही, माणूस नाही, आणि जीप आपली चालतेय. त्याने दोन आठवडे ती जीप पिंपळाखाली लावू दिली नाही. मी मनातून खूश होतो. इतकं नीट, इतकं बिनचूक काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं आणि पुढेही झालं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ते हौसेने सांगत होतो.

दोन महिने गेले असतील. एका गुरुवारी जीप आलीच नाही. सोमवारी आली, पुढच्या गुरुवारी पुन्हा नाही. मी फोन केला.

"यायला तयार न्हाई मिस्त्री," अप्पा म्हणाले. आवाज पडलेला. "गाडीत बसंना. म्हणती, कामून न्हेता मला सारखं."

"तब्येत?"

"तब्येतीचं न्हाई. तुमी यंत्र बसवल्यापासून ती रस्त्याकडं बघंना. बसली की डोळे मिटून घेती. काल म्हणली, गाडीला आता सगळं कळून राहिलंय. मी नुस्तं सामान. सामानासाठी एवढी यातायात कशाला?"

मला राग आला. कबूल करतो, आधी रागच आला. एवढं डोकं घालून काम केलं आणि ही बाई म्हणते गाडीत बसत नाही! तीन दिवस मी घरात कुणाशी धड बोललो नाही. चिडलो होतो अक्कांवर, पण झोप मोडत होती ती दुसऱ्याच गोष्टीने. दवाखान्याच्या दोन फेऱ्या चुकल्या होत्या. तिसरी चुकली तर काय होतं हे मला डॉक्टरने सांगायची गरज नव्हती.

चौथ्या दिवशी, रविवारी, मी देवणीला गेलो. हॉटेलच्या मागे जीपचं बॉनेट उघडलं आणि ते यंत्र, तो विजेचा कॉक, सगळं उपसून काढलं. जुना हाताचा कॉक परत बसवला. अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय झालं हो?"

"बिघडलं," मी मान वर न करता म्हणालो. "पार्ट मिळत नाही. आता पहिल्यासारखं हातानेच."

"मग ध्यान कोण ठेवणार?"

"ते तुम्ही दोघं बघा. माझ्याच्याने होईना."

त्या आत गेल्या आणि लाल चिंधी घेऊन आल्या. "जाताना मी हायेच," नवऱ्याला म्हणाल्या. "येताना माझं काही खरं न्हाई. लातुरातून निघताना ही चिंधी मी चाकाला बांधत जाईन. ती दिसली की जनावरांचा दवाखाना आठवायचा. समजलं का?" स्टिअरिंगला चिंधी बांधायची ही युक्ती मला पंधरा दिवसांत सुचली नव्हती. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सव्वानऊला दुकानासमोर आवाज टणक झाला आणि माझ्या जिवात जीव आला. ते यंत्र अजून माझ्या फडताळात आहे. कुणाला दाखवत नाही.

त्यानंतर बरेच दिवस बरे गेले. मग एकदा फिल्टर बघायला जीप दुकानात थांबली होती. मी काढलेला फिल्टर अक्कांपुढे धरून म्हणालो, "बघा, तुमच्या लुगड्याची कमाल." त्या हसल्या, पण बघत होत्या माझ्या खांद्यापलीकडे. मी फिल्टर हळूच डावीकडे नेला. नजर हलली नाही.

"अक्का, कधीपासून?"

"झाले सहा महिने. साखर डोळ्यात गेली."

"म्हणजे कमान दिसत नाही?"

"कमानीचं काय घेऊन बसलात, ह्यांचं तोंडसुदिक दिसंना. तेवढं एक बरं झालं."

अप्पा कसनुसे हसले. मी मात्र चक्रावलो. सहा महिने मी दर खेपेला आवाज ऐकत होतो, आणि तो एकदाही चुकला नव्हता.

"मग कॉक?"

"लातूर आलं की तीन ब्रेकर हायेत," त्यांनी बोटं दाखवली. "एक शाळेपाशी, एक पेट्रोल पंपापाशी, तिसरा तुमच्या दुकानापुढं. तिसरा दणका बसला की म्हणायचं, कमान आली."

ज्या गतिरोधकाला मी वर्षानुवर्षं शिव्या दिल्या, त्याच्या भरवशावर ही बाई दवाखान्यातल्या यंत्रापर्यंत पोचत होती. त्या दिवसापासून ट्रक आदळला आणि काचेच्या नळ्यांतलं तेल डुचमळलं तरी मी गप्प बसायला लागलो.

आणि मग माझा अर्ज मंजूर झाला.

रस्त्याचं काम निघालं, रस्ता रुंद झाला, गुळगुळीत झाला. एका शनिवारी यंत्र घेऊन माणसं आली. त्यांच्या हातात यादी होती. "मिस्त्री, अर्ज तुमचाच ना? घ्या, झालं तुमचं काम!" मुकादम इतक्या आनंदाने म्हणाला की मी तोंड उघडेपर्यंत अर्धा गतिरोधक खरवडला गेला होता. मी हातापाया पडलो, म्हणालो राहू द्या. तो म्हणाला, काढा म्हणून लिहिलंय, राहू द्या म्हणून नवा अर्ज करा. नवा अर्जही मी केला. तो कुठे आहे कुणास ठाऊक.

सोमवारी जीप आली आणि मऊ आवाजातच दुकानासमोरून पुढे गेली. मी स्कूटरला लाथ मारली आणि दवाखान्याच्या कोपऱ्यावर गाठली. "अप्पा, कॉक!" ते बावरले, त्यांनी कॉक फिरवून दवाखान्याला दोन चकरा मारल्या. अक्कांचा चेहरा उतरला होता.

"दोनच झाले मिस्त्री. मी मोजायला चुकले का?"

गतिरोधक माझ्याच अर्जाने गेला, हे एवढं साधं वाक्य मला बोलता आलं नाही. "दुकानापुढं रस्त्याचं काम चालू आहे," मी म्हणालो. "गुरुवारपर्यंत होईल."

बुधवारी मी टायरवाल्याकडून ट्रकच्या जुन्या टायरचा पट्टा कापून आणला, चांगला बोटभर जाड, एका मोटारीच्या रुंदीचा. गुरुवारी नऊपासून तो घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. लांबून आवाज ओळखू आला तसा पळत जाऊन पट्टा आडवा टाकला. जीपची पुढची चाकं त्यावरून गेली, मागची गेली, दणका बसला, आणि पुढे जाऊन आवाज टणक झाला. मी पट्टा उचलून कडेला आलो. छाती भात्यासारखी हलत होती. एक मोटारसायकलवाला मला वेडा म्हणून गेला. खोटं बोलला असं नाही म्हणता येणार.

तेव्हापासून सोमवार-गुरुवार मी दुकानात येतो तो याचसाठी. आठपासूनच घरात माझी चुळबुळ सुरू होते. टायरचा पट्टा हातात घेऊन एक म्हातारा रस्त्याकडेला उभा दिसला असेल तर तो मी. रहदारीचा पोलीस दोनदा हटकून गेलाय. मुलगा म्हणतो, बाबा, एक दिवस तुम्हालाच कुणीतरी उडवेल. त्याचं खरं आहे, पण माझ्याकडे दुसरा उपाय नाही. आणि एवढ्यावरही भागत नव्हतं. गेले दोन-तीन आठवडे दुपारी दवाखान्यातून निघताना जीप सुरू व्हायला कुरकुरत होती. मी पंप बघितला, फिल्टर बघितला, नोझल काढून तपासल्या. काही सापडेना. थंडी तोंडावर आली होती आणि माझ्या डोळ्यांपुढे ते बाकडं आणि त्या काढून ठेवलेल्या चपला येत होत्या.

आज जीप साडेनऊ वाजले तरी आली नव्हती. म्हणून मी सारखा उठत होतो. शेवटी पावणेदहाला आवाज आला. मी पट्टा टाकला, दणका बसला, आवाज बदलला. पण जीप पुढे जाऊन थांबली. अप्पांनी हात करून बोलावलं. मी पट्टा दुकानाच्या पायरीमागे सारून धावत गेलो.

अक्कांनी खिडकीतून तोंड बाहेर काढलं. "मिस्त्री, गाडी दुपारी कुरकुर करून राहिली ना? ते कामून, मला कळलं."

"कामून?"

"रस्ता चांगला झाला. आधी तुमच्यापासून दवाखान्याला पाच-सहा मिनिटं लागायची. आता हे तीन मिनिटांत नेऊन राहिले. डिझेलला येळ पुरंना. तेल पंपातच राहून राहिलंय."

मी तोंडात मारल्यासारखा उभा राहिलो. सगळा पंप खोलून मला जे सापडलं नव्हतं, ते ही बाई डोळे नसताना सीटवर बसून सांगत होती, आणि ते शंभर टक्के बरोबर होतं.

"मग काय करायचं?" मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा मी गिऱ्हाइकाला हा प्रश्न विचारत होतो.

"तुमचा ब्रेकर जरा अलीकडं टाकत जा."

अप्पा समोरच्या काचेतून बाहेर बघत बसले.

"पहिल्या दिवशीच कळलं मिस्त्री," अक्का म्हणाल्या. "ब्रेकरला काय धाप लागती व्हय?"

जीप गेली. भज्याचा वास राहिला. मी दुकानासमोरून उलटं देवणीच्या दिशेने चालत गेलो, पावलं मोजत. गर्दी नसेल तर जीपला दोन मिनिटं जास्त लागतील एवढं अंतर धरलं, आणि रसवंतीच्या खांबावर खडूने खूण करून आलो. गुरुवारपासून तिथे उभा राहायचंय. तिथे सावली नाही, तेव्हा टोपी लागेल.